चेहरा शेवटी

सोमवार, दुपार

धाकट्या,

आशीर्वाद नेहमीचेच. तू बंदरावर राहायला गेल्याला तीन वर्षं झाली आणि तुझी पत्रं आली दोन. तुझा राग दादावर आहे, मग माझ्याशी अबोला कशाला? थप्पड त्यानं मारली आणि गाल धरून बसायचं मी?

भरल्या दरबारात मारायला नको होतं, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. पण तो राजा असला तरी आधी थोरला भाऊ आहे. आईबाबा गेले तेव्हा तू केवढासा होतास. तुला मांडीवर घेऊन तो गादीवर बसायचा, आणि तुझा डोळा लागला की सगळा दरबार कुजबुजत चालायचा. त्याच हातानं मारलं म्हणून तुला जास्त लागलं असेल.

लिहायला कारण असं की ज्या रस्त्यावरून तुमचं वाजलं, तो घाटातला रस्ता दादानं गोऱ्या साहेबांना द्यायचं कबूल केलंय. तू म्हणत होतास तेच झालं. हे त्याच्या तोंडून तुला कधी ऐकू येणार नाही, म्हणून मी सांगते. करार व्हायचाय, सह्या व्हायच्यात, थोरला साहेब स्वतः बंदरावरून येणार आहे. पण साहेबाच्या आधी त्यानं पाठवलाय कोण, तर चितारी! कराराचं मोठं चित्र काढायला. करार अजून झालाच नाही आणि चित्र सुरू. लग्नाआधी बारसं म्हणतात ते हेच.

चितारी म्हणजे हाडकुळा, लालबुंद माणूस. सोबत दहा पेट्या आणि एक दुभाष्या. दुभाष्या आपल्यातलाच आहे, तोंडात साखर आणि डोळे सारखे भिंतीवर. दरबाराचा दिवाणखाना त्यांनी ताब्यात घेतलाय. तिथं एवढं मोठं कापड ताणून उभं केलंय की त्यामागे बैलगाडी लपेल. महालभर अळशीच्या तेलाचा वास सुटलाय, माझ्या धान्याच्या कोठीपर्यंत पोचलाय. किल्ल्या माझ्या कमरेला आहेत खऱ्या, पण वासाला कुलूप कसं घालायचं?

भिंगरी दिवसभर तिथंच घुटमळते. तू गेलास तेव्हा बोबडं बोलायची, आता बोलण्यात कुणाला हार जात नाही. आईविना पोर, दादाचा सगळा जीव तिच्यात. काका कधी येणार म्हणून अजून विचारते. मी सांगते, चित्र पुरं झालं की येईल. खोटं पाडू नकोस मला.

दादा तुझं नावही काढत नाही.

अक्का

ता. क. वरचं शेवटचं वाक्य खरं नाही. काढतो. पण मी सांगितलं असं कळलं तर माझ्यावर उखडेल.


शुक्रवार, सकाळ

धाकट्या,

तुझं पत्र इतक्या लवकर! एरवी मिठाच्या व्यापाऱ्याकडून पत्र यायचं तर निम्मं मीठ विरघळायचं. या वेळी साहेबाच्या टपालाच्या पिशवीतून आलं. तिथं तुझी बरीच ओळख झालेली दिसते.

विचारलंस म्हणून सांगते. भिंगरी अजून माझ्याच खोलीत झोपते, मागच्या अंगणाकडच्या. पहाऱ्यावर जुना जमादारच आहे. गुडघे गेले, मिशी तशीच. मोठ्या दरवाजावरची निम्मी माणसं पेरणीला घरी गेलीत, त्यामुळे त्यांची संख्या कमीच आहे. बंदुका दारूगोळ्याच्या खोलीत असतात, आणि तिची किल्ली आता माझ्याकडे नाही, जमादाराकडे असते. एकेकाची किती आपुलकीनं चौकशी केलीस! वाचून डोळे भरून आले. माणूस लांब गेला की त्याला घराचा उंबरासुद्धा आठवतो.

आता चित्राचं ऐक. चिताऱ्याजवळ छापील चित्रांची गुंडाळी आहे. साहेब लोक ज्या ज्या मुलखांत गेले, तिथल्या राजांची चित्रं. दादाला नमुना दाखवायला त्यानं ती जमिनीवर पसरली. आम्ही सगळे बघत बसलो. एका चित्रात राजा दोन्ही हातांवर तलवार ठेवून साहेबाला देतोय. दुसऱ्यात साहेब खुर्चीवर, राजा उभा. तिसऱ्यात आपल्यासारखीच एक बाई, कडेवर साहेबाचं मूल. मूल उजेडात, बाईचं तोंड सावलीत. साहेबाच्या कुत्र्याचा केस न केस काढलाय, आणि मागे उभ्या असलेल्या आपल्या माणसांना डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके.

भिंगरीनं तलवारवाल्या राजावर बोट ठेवलं. "आत्या, याचा दात दुखतोय का?"

दुभाष्या म्हणाला, "नाही बाईसाहेब, तो मैत्री करतोय."

"मैत्री करताना तोंड असं होतं?"

दादा मोठ्यानं हसला. पोरीला जोर चढला. एकेका चित्राभोवती फिरून आली आणि म्हणाली, "सगळ्या चित्रांत ऊन साहेबाच्याच बाजूनं का येतं?"

"उजेड कुठून तरी यावाच लागतो ना," दुभाष्या म्हणाला.

"मग एकदा आपल्या बाजूनं येऊ दे की!"

दुभाष्यानं हे चिताऱ्याला सांगितलं नाही. गुंडाळी आवरली.

थोरला साहेब इथं नाही, म्हणून त्याच्या जागी लाकडी बाहुला ठेवलाय. माणसाएवढा, सांधे फिरणारा, तोंड कोरं. त्याला साहेबाचा लाल कोट आणि बूट घातलेत. बाहुला चौथऱ्यावर उभा आणि दादाची गादी एक पायरी खाली. मी विचारलं, हे का? दुभाष्या म्हणाला, "राजेसाहेब उंच आहेत, साहेब बुटके. चित्राची गरज आहे." दादा रोज दोन तास त्या लाकडासमोर बसतो. मी तोंड वाकडं केलं तर म्हणतो, "खऱ्या साहेबापेक्षा हा बरा. बोलत तरी नाही."

सगळे हसले. मीही हसले. पण माझ्या भावानं ठोकळ्यापुढे मान वर करून बसावं, हे मला बघवलं नाही. मी कोठीत निघून आले.

अक्का


बुधवार, सकाळ

धाकट्या,

तुझं दुसरं पत्रही पिशवीतूनच आलं. तू लिहितोस की चिताऱ्याला हवं ते करू द्यावं, त्याच्या कामात कुणी हात घालू नये. मी कुठं घालते? मी फक्त विचारते, आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळतं. चित्राची गरज.

दिवाणखान्याचं मोठं दार चोवीस तास उघडं ठेवायचं, उजेडासाठी. दारापुढची भिंत पाडली, तीही उजेडासाठी. आता अंगणातून सरळ गादीपर्यंत वाट मोकळी झाली आहे. मागच्या रांगेत सगळे पहारेकरी हवेत, एकूण एक, मागच्या फाटकावरचेसुद्धा. का? तर दरबार भरलेला दिसावा. हातात बंदुका नकोत, त्या काळ्या दिसतात. त्याऐवजी साहेबानं भाले पाठवलेत, सोनेरी मुलामा दिलेले. एकाचं टोक मी बोटानं दाबून पाहिलं. लाकडाचं निघालं.

जमादाराचा चेहरा काढून झाला. तो बिचारा बघायला गेला आणि तोंड पाडून परत आला. म्हणाला, "अक्कासाहेब, चाळीस वर्षं मिशी राखली आणि त्यानं नाकाखाली एक काळी रेघ मारून ठेवली! शेजाऱ्याला तर तेवढीही नाही."

दादाचा अंगरखा पुरा झाला, कंबरपट्टा झाला, अंगठीतल्या खड्याची चमकसुद्धा आली. गळ्याच्या वर मात्र कोरं कापड. मी बोटानं दाखवलं तर चितारी त्याच्या मोडक्या बोलीत म्हणाला, "चेहरा शेवटी." बाकी सगळ्यांचे आधी आणि राजाचाच शेवटी? येता-जाता ते बिनतोंडाचं धड दिसतं. दासी आता त्या बाजूनं जायचं टाळतात.

काल आणखी एक झालं. भिंगरीला त्यानं बाहुल्यापाशी उभं केलं आणि तिचा हात बाहुल्याच्या हातात दिला. पोर उभी राहून राहून दमली, हात काढायला गेली तर निघेना. लाकडी बोटांत तिचं बोट अडकलं होतं. ती आधी हसली, मग रडायला लागली. चिताऱ्यानं धावत येऊन बोटांची मळसूत्रं सैल केली तेव्हा हात सुटला.

दादानं दुभाष्याला विचारलं, "माझ्या मुलीचा हात साहेबाच्या हातात कशासाठी?"

"राजकन्या साहेबांच्या मडमेकडे बंदरावर शिकायला राहणार ना सरकार, त्याची खूण."

"मी असं कधी बोललो?"

"चित्रात शोभून दिसतं."

दादानं पोरीचं बोट चोळून दिलं. मग म्हणाला, "असू दे. रंगच तर आहे."

धाकट्या, तू त्या लोकांत वावरतोस. एकदा खरं सांग, हे काय चाललंय?

अक्का


शनिवार

हे मी पाठवणार नाही. पण लिहिलं नाही तर वेड लागेल, आणि लिहायचं कुणाला तर हाताला तुझीच सवय आहे.

चितारी जेवायला गेला होता. भिंगरी कोठीत धावत आली, हातात एक कागद. "आत्या, काका! बघ, काकांचं चित्र! त्याच्या पाकिटात होतं!" पोरीचा चेहरा नुसता फुलला होता.

तूच होतास. पेन्सिलीनं काढलेला. घोड्यावरून पडलास तेव्हाची भुवईवरची खूणसुद्धा होती. तू बसला होतास, पाठ ताठ, हनुवटी साहेबाकडे वळवलेली. बसणं दादाचं होतं. कंबरपट्टा दादाचा होता. तुझ्या मागं खिडकी होती आणि खिडकीत जहाजांच्या डोलकाठ्या. म्हणजे हे चिताऱ्यानं इथं यायच्या आधी, बंदरावर, तुला समोर बसवून काढलंय.

मोठ्या कापडावरची गळ्यावरची कोरी जागा माझ्या डोळ्यांपुढं आली. कागदावरचं तुझं डोकं तिथं बरोबर बसलं असतं.

मग तुझे प्रश्न आठवले. भिंगरी कुठं झोपते. दरवाजावर माणसं किती. बंदुका कुठं. आणि मी, तुझी शहाणी अक्का, डोळ्यांत पाणी आणून एकेकाचं उत्तर देत बसले.

भिंगरीला मी सांगितलं, "काका अचानक येऊन सगळ्यांना चकित करणार आहे, कुणाला बोलू नकोस." तिनं ओठांवर बोट ठेवलं. कागद होता तिथं नेऊन ठेवला.

तशीच दादाकडे गेले. तो तुझ्या जुन्या खोलीत उभा राहून भिंतींना चुना लावून घेत होता. मी गड्याला बाहेर काढलं आणि सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसायला लागला.

"अगं, मीच सांगितलं होतं साहेबाला. मैत्रीचं चित्र आहे, त्यात धाकटा हवाच. माझ्या शेजारी."

"शेजारी नाही दादा. तुझ्या जागी."

"कच्चं चित्र आहे ते. एकटा माणूस काढायचा तर मधेच काढणार ना!"

"अंगावर तुझा कंबरपट्टा आहे."

"लहानपणी रोज घालून फिरायचा. तूच त्याला चार वेढे देऊन बांधायचीस."

"मग दार का उघडं ठेवायला लावलं? सगळे पहारेकरी आत का? हातात लाकडाची टोकं का?"

तेव्हा त्याचं हसू गेलं. "अक्का, तीन वर्षं मी या घरात त्याचं नाव चोरून घेतो. मी मारलं, मी हाकललं. आता तो स्वतःहून येतोय. मला पत्र आलंय त्याचं, पुढच्या रविवारी साहेबाबरोबर पोचतो म्हणून. त्या दिवशी सगळे चित्रासाठी एकत्र उभे राहणार आहेत. आणि तू मला सांगतेस दार लाव?"

"मी सांगते निदान पोरीला लांब पाठव."

"कशाला? काका आला आणि पुतणी घरात नाही?" तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. "आम्हा भावांत पुन्हा काडी टाकू नकोस. जा आता. चुना वाळला की दोन हात अजून मारायचेत."

धाकट्या, त्यानं पाठ केली ती डोळे पुसायला. मी त्याला ओळखते. त्याला संशय आला नाही असं नाही. पण संशय खरा मानला तर तुझं येणं खोटं ठरतं. ते त्याला सोसवेना.

मी आता त्याला काही सांगणार नाही. तुलाही नाही.


मंगळवार, सकाळ

प्रिय धाकट्या,

दादानं सांगितलं, रविवारी येतोयस! माझे पाय जमिनीवर नाहीत. तुझी खोली तयार आहे, भिंती पांढऱ्याशुभ्र केल्यात. गेल्या पत्रात मी उगाच चिताऱ्याच्या तक्रारी केल्या, मनावर घेऊ नकोस. बाईमाणसाला नवा वास आला की संशय येतो.

एकच वाईट बातमी. भिंगरीला गोवर आलाय. तोंडभर पुरळ, उजेड सोसत नाही. वैद्यानं अंधाऱ्या खोलीत ठेवायला सांगितलंय आणि दार आठ-दहा दिवस कुणी उघडायचं नाही. मी तिच्याबरोबर आतच राहणार, जेवण उंबऱ्याबाहेर ठेवतील. दुभाष्यानं कुरकुर केली, पण चिताऱ्याला लहानपणी गोवर झालेला नाही म्हणे, तो लगेच चार पावलं मागं सरला. तिचा चेहरा बरी झाल्यावर काढेल. नाहीतरी चेहऱ्यांची घाई नाही ना त्याला?

तेव्हा रविवारी मला दिवाणखान्यात शोधू नकोस. काम आटोपलं की मग भेटू. पोरगी आजारी आहे, दारावर थाप मारू नकोस.

तुझी अक्का


तारीख घालत नाही

धाकट्या,

तुझा माणूस दोन गावं पलीकडे माझी चौकशी करत होता असं कळलं. त्याच्या हाती हे पत्र लागेपर्यंत आम्ही इथं नसू. सोबत शनिवारी लिहून ठेवलेलं पत्रही आहे, ते आधी वाच.

गोवर नव्हता. रविवारी दुपारी सगळे रांगा लावून दिवाणखान्यात उभे राहिले तेव्हा मी अंधाऱ्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि भिंगरीला घेऊन मागच्या फाटकातून चालत बाहेर पडले. भर उन्हात. अडवायला कुणी नव्हतं, कारण अडवणारे सगळे चित्रात उभे होते. अंगावर धुणं धुणाऱ्या बायकांचे कपडे, डोक्यावर गाठोडी. भिंगरीला वाटलं खेळ आहे. टेकडीच्या वळणावर तिनं मागं वळून बघितलं आणि विचारलं, "आत्या, एवढे शिपाई वाजंत्री न वाजवता का येतायत?" मी तिचा हात धरला आणि चालत राहिले.

पुढचं मला जमादारानं सांगितलं. आम्ही मागच्या फाटकातून निघणार, एवढंच मी त्याला सांगून ठेवलं होतं. त्याच्या दंडाला गोळी चाटून गेली, पण तो निसटला आणि आम्हाला शोधत आला. तू तिथं होतास, तुला माहीत आहे. तरी सांगते, कारण तुझ्या पुढ्यात हे बोलणारं आता महालात कुणी उरलेलं नाही.

चिताऱ्यानं सांगितलं होतं, कुणी हलायचं नाही. आपली माणसं शब्दाची पक्की. श्वाससुद्धा बेतानं घेत होती. शिपाई अंगणात आले, पाडलेल्या भिंतीवरून आत आले, तरी सगळ्यांना वाटलं हेही चित्रात उभे राहायला आलेत. समजेपर्यंत दोन्ही बाजूंनी बंदुका रोखलेल्या. दोन तरुण पोरांनी भाले उगारले. लाकडाचं टोक कोटावर आपटून मोडलं. दोघंही तिथंच पडले. त्यांची नावं तुझ्या दरबारात कुणी लिहून ठेवली का? जमादाराला पाठ आहेत.

चितारी कुंचला टाकून भिंतीपाशी खाली बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकून. नंतर उठला, असं जमादार म्हणतो. उठला आणि रंग झाकून ठेवले, सुकू नयेत म्हणून.

मग साहेबामागून तू आलास. दादा अजून गादीवरच बसला होता. त्यानं तुला पाहिलं. आजूबाजूला बंदुका, खाली रक्त, आणि तो म्हणाला, "आलास?" एवढंच. आणि तो सरकला, धाकट्या. गादीवर एका बाजूला सरकून त्यानं तुला शेजारी बसायला जागा केली.

तू बसला नाहीस म्हणे. छताकडे बघत उभा राहिलास. साहेबानं कागद वाचला, शिपायांनी दादाला दंडाला धरून उठवलं, मग बसलास. तेव्हा सगळीच जागा मोकळी होती.

दाराशी दादानं जमादाराला हळूच विचारलं, "पोर?" जमादारानं नुसती मागच्या फाटकाकडे मान हलवली. दादाला कळलं. तो हसला. म्हणाला, "अक्का कधी माझं ऐकतच नाही." मग त्याला बंद गाडीत घातलं. गाडी कुठं गेली ते तुलाच माहीत.

आता तुझ्या निरोपाचं. तुझा माणूस गावोगाव सांगत फिरतोय की अक्कानं परत यावं, तिला दादाला भेटू देऊ, आणि राजकन्येची काळजी नसावी, राजकन्या महालात सुखरूप आहे, मडमेकडे वाचायला शिकते.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. राजकन्या तर माझ्या शेजारी बसून बोरं मोजावीत तसे खडे मोजत होती. मग महालातल्या दासींकडून कळलेलं जमादारानं खाली बघत सांगितलं. चित्र अडून राहिलं होतं. साहेबाच्या हातात मुलीचा हात काढून झाला होता आणि वर चेहरा नव्हता. चित्राच्या छापील प्रती समुद्रापार जायच्या होत्या, साहेबाच्या राजाला दाखवायला, की बघा, मुलगी आपण होऊन आमच्या आश्रयाला आली. तेव्हा तुम्ही माळ्याची मुलगी आणलीत. तेवढ्याच उंचीची, तेवढ्याच वयाची. तिला भिंगरीचे कपडे घातले, बाहुल्याच्या जागी खरा साहेब उभा राहिला, आणि चित्र पुरं झालं. नंतर साहेब लोक बघायला येऊ लागले, म्हणून मुलीला परत पाठवता येईना. तिच्या आईबापांना लांबच्या मळ्यावर धाडलंय आणि तोंड उघडलं तर काय होईल ते सांगून ठेवलंय.

म्हणजे चित्रात एक मुलगी आहे आणि महालात एक आहे. तिसरी तुम्हाला परत नको आहे, ती कुठंच असायला नको आहे. तुझा माणूस निरोप द्यायला फिरत नाही. मी आता त्याचा निरोपही ऐकणार नाही आणि माझा ठावही लागू देणार नाही. दादाला भेटायची इच्छा मला रोज होते. पण त्याचा सगळा जीव ज्या पोरीत, ती माझ्या हातात आहे, तिला घेऊन मी तुझ्या दारात येणार नाही.

तुला मी वाढवलं. म्हणून शाप देत नाही. एक काम सांगते, तेवढं कर. त्या पोरीला तिच्या आईकडे पाठव. राजा झालास ना? मग निदान एवढं तरी साहेबाला न विचारता करून दाखव.

भिंगरीला मी काही सांगितलं नव्हतं, पण पोरांना भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. काल जमादार निघायच्या तयारीत होता, मी तिचे केस विंचरत होते. तिनं एकदम त्याला विचारलं, "तिला माझ्या नावानं हाक मारतात?"

"हो, बाईसाहेब."

"मग ती ओ देते?"

"पहिले काही दिवस देत नव्हती."

मी फणी फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "आणि आता?"

जमादार माझ्याकडे बघायला लागला. मी वेणी घालायला घेतली.

"आता देते," तो म्हणाला.

अक्का